टीमक्समध्ये माऊसचं चाक फिरवलं की जुन्या कमांड येतात, त्यावरचा उपाय

एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकात दुरून लॉगिन करून) टीमक्स, म्हणजे एकाच टर्मिनलात अनेक कामांची सेशन चालवणारा प्रोग्राम, उघडून चाक फिरवलं, की वरचं आउटपुट दिसायचं सोडून जुन्या कमांड येत. कारण टीमक्स पर्यायी स्क्रीन (टर्मिनलचा वेगळा पडदा, जिथे मागचं आउटपुट साठत नाही) वापरतं आणि तिथे बरेच टर्मिनल चाक म्हणजे वर-खालचे बाणच समजतात. कॉन्फिग फाइलीत ‘सेट -जी माऊस ऑन’ लिहून ती पुन्हा लोड केली, काम झालं. (आवृत्ती २.१ च्या आधी यासाठी वेगवेगळे पर्याय होते.) ‘हिस्टरी-लिमिट’, म्हणजे मागचं किती आउटपुट जपायचं ती मर्यादा, मुळात २००० ओळींची असते. ती ५०००० केली, पण फक्त नव्या पेनलाच (टीमक्सच्या खिडकीतल्या नव्या भागालाच) लागू होते. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलांत आता मजकूर निवडायला शिफ्ट दाबून धरावी लागते, ही कटकट उरतेच.

खिडकीच्या कडेला ठिपके भरलेले दिसले, तर तेच सेशन दुसरीकडे लहान खिडकीत उघडं असतं. ‘टीमक्स अटॅच -डी’ने ते तिथून सुटतं.