कॅलिफोर्नियात एचओएचं ऑनलाइन मतदान: आधी नियम, मग लिंक

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून एचओएला (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संघटना) गुप्त मतदान ऑनलाइन घेता येतं, पण नुसत्या बोर्डाच्या (संचालक मंडळाच्या) ठरावावर नाही. तशी तरतूद असोसिएशनच्या निवडणूक नियमांत हवी. इथेच बहुतेकांची गडबड होते: निवडणुकीला 90 दिवसांहून कमी उरले की नियम बदलता येत नाहीत. म्हणजे जूनमध्ये निवडणूक असेल तर फेब्रुवारीतच कामाला लागा.

कागदी मतपत्रिका हवी असणाऱ्यांना ती द्यावीच लागते. सभासदाला ऑनलाइनवरून कागदावर किंवा उलट पद्धत बदलायची मुदतही निवडणुकीच्या 90 दिवस आधीचीच. कोण ऑनलाइन, कोण कागदावर, ही यादी अद्ययावत ठेवा. लॉगिन कसं करायचं, मत कसं द्यायचं याची सूचना प्रत्येक सभासदाला किमान 30 दिवस आधी स्वतंत्रपणे गेली पाहिजे. नोटीस बोर्डावर चिकटवून भागत नाही.

वर्गणी, म्हणजे असेसमेंटवरचं मतदान मात्र ऑनलाइन चालत नाही. एकाच निवडणुकीत बोर्ड सदस्य आणि वर्गणीवाढ दोन्ही असतील, तर वर्गणीसाठी कागदी मतपत्रिका वेगळी काढा.

ऑनलाइन पाठवलेलं मत मागे घेता येत नाही, हे सूचनेत ठळक लिहा. निवडणुकीच्या प्रक्रियेत चूक राहिली तर सभासद वर्षभरात कोर्टात जाऊ शकतो.