‘टेम्पररी कॉपी’ आणि लासलगावचा कांदा

“मॅडम, माझं उत्तर फळ्यावरच्याशी जुळत नाहीये.”

एसवायचं (दुसऱ्या वर्षाचं) संख्याशास्त्राचं दुसरंच प्रॅक्टिकल. १ ते १०० मधून दहा आकड्यांचा यादृच्छिक नमुना काढायचा होता. सगळ्यांना सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) एकच दिलं होतं, ४२, त्यामुळे प्रत्येकाच्या स्क्रीनवर तेच दहा आकडे यायला हवे होते. अर्ध्या वर्गाचा पहिला आकडा आला ४९, उरलेल्यांचा ९२. मी तेव्हा तासिका तत्त्वावर नुकतीच लागले होते, मला घामच फुटला. टायपिंगची चूक शोधण्यात पूर्ण तास गेला. रात्री घरी उलगडा झाला. लॅबच्या मशीनवर ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामची ३.४ आवृत्ती होती आणि मुलांच्या लॅपटॉपवर ४ च्या पुढची. २०१९ साली आलेल्या ३.६.० पासून आरने नमुना काढायची आतली रीत बदलली, कारण समष्टी (ज्यातून नमुना काढायचा ते सगळे आकडे) फार मोठी असली की जुन्या रीतीत किंचित अभिनती राहायची, म्हणजे काही आकडे थोडे जास्त वेळा निघायचे. म्हणजे दोन्ही गटांचं बरोबरच होतं!

मी क्लाउडकडे वळले ती या एका तासामुळे. त्यात आधुनिक वगैरे होण्याचा भाग फारसा नव्हता. प्रोग्राम दुसरीकडच्या सर्व्हरवर चालतो, मुलांना ब्राउझरमध्ये फक्त खिडकी दिसते, त्यामुळे चाळीस जणांसमोर एकच आवृत्ती असते. ‘माझ्याकडे पॅकेज इन्स्टॉल होत नाही’ ही तक्रार जवळजवळ संपते. नव्याने शिकवायला लागलेल्यांना एवढा फायदाही खूप आहे. बाकीचं सगळं कष्टाचं काम तसंच शिल्लक राहतं, ते कोणतंही क्लाउड करून देत नाही.

कोणतं निवडायचं? मी आरसाठी पॉझिट क्लाउड वापरते. पूर्वी याचंच नाव आरस्टुडिओ क्लाउड होतं, २०२२ मध्ये कंपनीने नाव बदललं, म्हणून जुन्या नोट्समध्ये वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी गूगल कोलॅब. त्यात रनटाइम बदलून आरही चालवता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मानसशास्त्र किंवा बी.एड.च्या मुलांना कोड लिहायला लावू नका, त्यांच्यासाठी जॅमोव्ही या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामची क्लाउड आवृत्ती बरी. माउसने निवडा, टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) करा, तक्ता उचला. आणि टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) ज्या मुलांना पुण्याकडच्या क्लिनिकल रिसर्च कंपन्यांत नोकरी हवी आहे, त्यांना सॅस या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामचं, ‘सॅस ऑनडिमांड फॉर अकॅडेमिक्स’चं, खातं उघडायला सांगा. शिकण्यासाठी ते फुकट आहे आणि त्या क्षेत्रात अजून सॅस विचारतात.

आता माझ्या चुका, कारण तुम्हीही त्याच करणार.

पहिल्या वर्षी मी पॉझिट क्लाउडवरचा प्रोजेक्ट सार्वजनिक केला आणि लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकली. मुलांनी ती उघडली, दीड तास छान काम केलं, ब्राउझर बंद केला. दुसऱ्या दिवशी कुणाकडे काहीच नाही. दुसऱ्याचा प्रोजेक्ट लिंकवरून उघडला की वर ‘टेम्पररी कॉपी’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारीच कायमची प्रत ठेवण्याचं बटण असतं. मी ते सांगितलंच नव्हतं. आता प्रॅक्टिकलची पहिली दोन मिनिटं फक्त त्या बटणासाठी. सगळ्यांनी दाबलं का, हात वर करा, मग पुढे.

दुसऱ्या वर्षी शहाणी झाले आणि असाइनमेंटची सोय वापरली. त्यात मुलाने उघडताच त्याची स्वतंत्र प्रत आपोआप तयार होते आणि ती प्रत आपल्याला बघता येते. उत्तम सोय आहे. पण मुलांनी उघडल्यावर मला दिसलं की डेटातल्या एका स्तंभाचं नावच चुकलंय. मी माझ्या फाइलमध्ये दुरुस्त केलं आणि निवांत बसले. मूळ बदललं तरी तयार झालेल्या प्रती बदलत नाहीत. तेव्हापासून असाइनमेंट सोडण्याआधी मी दुसऱ्या ईमेलने, विद्यार्थी होऊन, ती एकदा पूर्ण सोडवते.

कोलॅबवर उलटं झालं होतं. घाईत लिंकला ‘एडिट’ची परवानगी दिली आणि सगळे एकाच नोटबुकात लिहू लागले. एकाने लिहिलेलं दुसरा खोडतोय, असा तमाशा. लिंक नेहमी फक्त बघण्यापुरती द्यावी आणि प्रत्येकाने आपल्या ड्राइव्हमध्ये प्रत करून घ्यावी. तिथे अपलोड केलेली डेटा फाइलही सत्र तुटलं की जाते. ती ड्राइव्हमध्ये ठेवून तिथून जोडलेली बरी.

फुकट खात्यात महिन्याचे तास मोजून मिळतात, हेही आधीच सांगून ठेवा. पॉझिट क्लाउडवर तासांचा हिशेब प्रोजेक्टला दिलेल्या मेमरी आणि प्रोसेसरवर ठरतो. एखादा हुशार मुलगा ‘फास्ट चालेल’ म्हणून मेमरी वाढवतो आणि महिनाअखेरीला त्याचे तास संपलेले असतात. आपल्या प्रॅक्टिकलला फार मेमरी लागतच नाही. दीडशे फुलांची मापं असलेल्या, सरावाच्या आयरिस डेटाला कसली आलीय मेमरी!

आयरिसवरून आठवलं. पहिल्या आठवड्यानंतर ती फुलं सोडा. माझं कॉलेज नाशिक जिल्ह्यात. वर्गातल्या निम्म्या घरांत कांदा. म्हणून मी बाजार समितीचे रोजचे आकडे आणायला सांगते: आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. लासलगावचे एका महिन्याचे आकडे घेतले तरी चार प्रॅक्टिकलं होतात.

मुलं पहिल्यांदा काय करतात, तर रोजच्या सर्वसाधारण दरांची साधी सरासरी. मी फळ्यावर दोनच दिवस लिहिते. समजा, सोमवारी २०,००० क्विंटल आवक आणि दर १,००० रुपये. मंगळवारी ५,००० क्विंटल आणि दर १,६००. साधी सरासरी १,३००. पण आवकेचा भार दिला की १,१२०. मग विचारते, शेतकऱ्याच्या हातात क्विंटलमागे सरासरी किती पडले? मागच्या बाकावरचा, एरवी गप्प असणारा एक जण म्हणाला होता, “मॅडम, जास्त माल आला त्या दिवशीच भाव पडतो, म्हणून तेराशे दिसतं पण मिळत नाही.” भारित सरासरीची याहून चांगली व्याख्या मी वर्गात केलेली नाही. त्यानंतर आवक आणि दर यांचा विकिरण आलेख (प्रत्येक दिवसाचा एक ठिपका) काढायला लावला, तर सहसंबंध ऋण असणार, म्हणजे एक वाढलं की दुसरं घटणार, हे त्याने आधीच सांगितलं.

या डेटाने दमही काढला. एकीने वहीतले आकडे मराठी कीबोर्डने भरले होते. आरला ‘१२००’ हा आकडा वाटतच नाही, तो त्याला शब्द समजतो. संख्येत बदलायला गेलं की सगळीकडे ‘एनए’, म्हणजे ‘किंमत नाही’. पायथनला मात्र देवनागरी अंक कळतात. दुसऱ्याने लाखाचे स्वल्पविराम ठेवले, तोही स्तंभ शब्दांचा झाला. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत सेव्ह केलेली गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन आली. यूटीएफ-८ चा (सगळ्या लिप्या सांभाळणारा) पर्याय निवडला की नीट येतात. मी प्रश्नपत्रिका वर्डमध्ये टाइप केली होती, त्यातली वळणदार अवतरणचिन्हं मुलांनी जशीच्या तशी कोडमध्ये चिकटवली आणि प्रत्येक ओळीला एरर. आता कोड वर्डमध्ये लिहीत नाही.

सर्व्हेच्या प्रोजेक्टमध्ये लोकांची नावं, मोबाइल नंबर, आधार असलं काही असेल, तर अपलोड करण्याआधी ते स्तंभ काढून टाका. ‘आपलाच तर डेटा आहे’ हे म्हणणं चालत नाही, तो लोकांचा असतो आणि २०२३ पासून आपल्याकडे त्याचा कायदाही आहे.

परीक्षेचं शेवटी, कारण तिथेच सगळ्यांची गाळण उडते. एकदा एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) आले आणि चहा येण्याआधी नेट गेलं. दोन मुलांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बारा जणांची बॅच कशीबशी पार पडली, तीही जिन्याजवळ बसून, कारण रेंज तिथेच. तेव्हापासून आरचं आणि लागणाऱ्या पॅकेजेसचं इन्स्टॉलर मी पेनड्राइव्हवर ठेवते आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबच्या पाच-सहा मशीनवर चढवून घेते. पॉझिट क्लाउडवर प्रोजेक्टपुरती आरची आवृत्ती निवडता येते. पेनड्राइव्हवर तीच ठेवा. नाहीतर एक्स्टर्नलसमोर पुन्हा ४९ आणि ९२.