हंगामाआधी विस्तारीकरण उरकायचं असेल तर

साखर कारखान्याचं विस्तारीकरण काढलं असेल तर तारखा मागून मोजायला घ्या. दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी, मग गाळप. ऊस कुणासाठी थांबत नाही. आपलं काम महिनाभर लांबलं की शेतकरी शेजारच्या कारखान्याला ऊस घालतो, आणि सोलापूर जिल्ह्यात शेजारचा कारखाना शोधायला लांब जावं लागत नाही.

जागा, कर्ज, संचालक मंडळाचा ठराव हे कुणी विसरत नाही. परवानग्यांचं मात्र बघा. दैनंदिन गाळप क्षमता 5000 टन किंवा त्यापुढे जात असेल तर केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि लागतील त्या परवानग्या हातात आल्याशिवाय खोदाईला हात घालायचा नाही. अर्ज केलाय म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं.

आता महत्त्वाचं. यंत्र पुरवणाऱ्याकडून फाउंडेशनचं, म्हणजे यंत्राच्या पायाचं, पक्कं ड्रॉइंग घ्या. कोपऱ्यात ‘टेंटेटिव्ह’ असा शिक्का असलेलं नव्हे, पक्कं. त्यात बोल्टची सेंटरं, पॉकेटची (बोल्टसाठी पायात सोडलेल्या खड्ड्याची) खोली, यंत्र चालू असतानाचा भार, केबल ट्रेंच, पाइपसाठी सोडायची भोकं, सगळं हवं. गेल्या खेपेला हेच राहिलं. कच्च्या ड्रॉइंगवर मिलच्या गिअरबॉक्सचा पाया ओतला, पुढे गिअरबॉक्सचा मेक, म्हणजे बनवणारी कंपनी, बदलला आणि बोल्टची सेंटरं सरकली. गिअरबॉक्स ट्रेलरवर, क्रेन भाड्यावर उभी, आणि आम्ही ब्रेकर लावून आपलाच काँक्रीट फोडतोय. ब्रेकरखाली सळईची जाळी उघडी पडली तेव्हा फिटर खाली वाकून टेप लावत होता आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हता. क्रेनचं भाडं ती उचलते की नुसती उभी आहे हे बघत नाही.

म्हणून पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा: पक्कं ड्रॉइंग अमुक तारखेला. पेमेंटचा एक हप्ता त्याला बांधा, आणि उशिराचा दंड फक्त माल पाठवण्याला न लावता ड्रॉइंगलाही लावा. पुरवठादार म्हणेल, ‘साहेब, थोडाफारच फरक पडेल, तुम्ही काम चालू करा.’ करू नका. वाटलं तर तोवर शेडचे कॉलम घ्या, भिंती घ्या, रस्ते घ्या. यंत्राचा पाया थांबू दे.

जमीन आपल्याकडची काळी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. खाली मुरूम किती फुटांवर लागेल आणि खडक किती, हे एकाच प्लॉटमध्ये बदलतं. एका कोपऱ्यात एक बोअर (तपासणीचं भोक) मारून माती परीक्षण झालं म्हणणारे भेटतात; प्रत्येक जड पायाखाली बोअर घ्या. माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक यांचे दर टेंडरमध्ये वेगवेगळे ठेवा आणि खोदताना दोघांच्या सहीने लेव्हल घ्या. नाहीतर बिलात सगळा खडक कठीणच निघतो.

पाया एप्रिल-मेमध्ये ओतला जाणार, म्हणजे भर उन्हात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला एरवी किमान 10 दिवस पाणी मारायचं, उष्ण आणि कोरड्या हवेत 14. वेळापत्रकात 14 च धरा. पाण्याचा टँकर कुठून येणार ते फेब्रुवारीत ठरवा, मेमध्ये सगळेच टँकरच्या मागे असतात. काँक्रीट संध्याकाळी ओता. आणि ओतायच्या आदल्या दिवशी हातातल्या ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर पुरवठादाराला फोन करून ताडून बघा. हो, परत. टेम्प्लेट (बोल्टच्या जागांचा साचा) लावून बोल्टची सेंटरं स्वतः मोजा, फोरमनच्या ‘झालं साहेब’ वर जाऊ नका.

बजेटमध्ये जीएसटी नीट धरा. इमारतीच्या बांधकामावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही; यंत्र, त्याचा पाया आणि आधाराचं स्ट्रक्चर यांचं मिळतं. दोन्ही एकाच रकमेत टाकलं तर हिशेबनीस आणि तुम्ही दोघेही डोकं धराल. टेंडरमध्येच आयटम वेगळे पाडा. बांधकाम कामगार उपकर 1 टक्का, तोही धरा. बांधकाम काळातलं व्याज धरा.

चेअरमन साइटवर येतात, शेडकडे बोट करतात, ‘एवढं दोन बे (खांबांमधले गाळे) वाढवून टाका.’ मान डोलवा, पण काम चालू करू नका. किती पैसे, किती दिवस, हे एका कागदावर लिहून सही घ्या. सही मागितली की निम्मे बदल आपोआप रद्द होतात. तेवढंच पुरवठादारालाही लागू: त्याने मेक बदलला, मोटर बदलली, की सुधारित ड्रॉइंग आल्याशिवाय बदल मान्य नाही.

रनिंग बिलं, म्हणजे काम चालू असतानाची टप्प्याटप्प्याची बिलं, वेळेत काढा, नाहीतर मजूर दुसऱ्या साइटवर जातात. बॉयलरचा ड्रम किंवा मोठा ट्रेलर आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या बाजूने आणायचं ठरवू नका, पालख्यांमुळे रस्ते बंद असतात. आवारात आधी मुरमाचा रस्ता करून घ्या. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरमध्ये, नेमकी उभारणी संपत आलेली असते तेव्हा, आणि काळ्या मातीत क्रेन रुतली की रुतली.

पुढचं थोडक्यात. बॉयलर इन्स्पेक्टरची तारीख आधीच मागा. वेल्डरची प्रमाणपत्रं तपासा. महावितरणचं वाढीव भाराचं काम लवकर सुरू करा. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), अलाइनमेंट (यंत्रं एका रेषेत बसवणं), नो-लोड ट्रायल (भाराविना चालवून बघणं). ग्राउट (यंत्राखाली आणि बोल्टभोवती भरलेला मसाला) सुकल्याशिवाय बोल्ट आवळू नका. गाळप परवाना साखर आयुक्तालयातून. स्पेअर्स. विमा. आणि अॅज-बिल्ट ड्रॉइंग (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं) मिळाल्याशिवाय कुणाचं रिटेंशन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, सोडू नका.