पापिंगोत सरकारी काम असेल तर

माझं सासर ग्रीसच्या एपिरस प्रांतातलं, झागोरीतल्या डोंगरांत. तिकडे दाखला हवा असेल किंवा गटार तुंबलं असेल, तर आधी गाव कोणत्या 'दिमोस'मध्ये, म्हणजे नगरपालिकेत येतं ते बघा. पापिंगोची २०१० पर्यंत स्वतःची ग्रामसंस्था होती. 'कालिक्रातिस' कायद्याने २०११ पासून ती झागोरी दिमोसमध्ये विलीन झाली. मुख्यालय आस्प्रांगेली गावात. नकाशावर जवळ दिसतं, पण मध्ये घाटाची वळणं आहेत, तेव्हा आधी फोन करा.

गावात निवडून आलेला अध्यक्ष असतो, 'प्रोएद्रोस'. आपल्या सरपंचासारखा वाटेल, पण त्याच्या हातात निधी फारसा नसतो. तो तुमचं म्हणणं वर पोचवतो. तरी त्याला वगळून थेट वर जाऊ नका. कॉफीघरात गाठा, कॉफी मागवा आणि मगच विषय काढा. घाई दाखवलीत तर तोंडावर हसून 'उद्या बघू' म्हणतील!

कुटुंबाचा दाखला 'केप' या नागरिक सेवा केंद्रातून मिळतो. पूर्वजांची नोंद हवी असेल तर जुनं ग्रीक आडनाव, वडिलांचं नाव आणि जन्मसाल ग्रीक लिपीत लिहून न्या. रोमन लिपीतलं स्पेलिंग दर कागदावर वेगळं असतं.

आणि दिमोसने रस्त्यावर खर्च मंजूर केला म्हणतात, तो खरंच केला का? 'दियावगिया' संकेतस्थळावर शोधा. २०१० च्या कायद्यानुसार असे निर्णय तिथे टाकावेच लागतात, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो. अध्यक्षांसमोर तो क्रमांक ठेवा, बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.