पोषणाच्या कामात गावाला सोबत घेताय? या चुका टाळा (आम्ही सगळ्या केल्यात)

कोल्हापुरात कुपोषण म्हटलं की लोक हसतात. तांबडा-पांढरा वरपणारा जिल्हा, तालमीत दूध-बदाम, तुमच्याकडं कुठनं आलं कुपोषण म्हणे, तो मेळघाट-नंदुरबारचा विषय. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के पोरं वयाच्या मानानं बुटकी निघालीत आणि ती सगळी काय मेळघाटातली नव्हेत. आमच्या गावात उंची मोजायला लागलो तर आज्ज्या म्हणायच्या, "आमच्यात सगळी बुटकीच हैत." झालं, विषय संपला!

मी करवीर-राधानगरी भागात बचत गटांबरोबर हे काम करते. पहिली बैठक घेतली सकाळी 11 ला, समाजमंदिरात, सतरंजी टाकून, बॅनर लावून. बायका सगळ्या भांगलणीला गेलेल्या, आल्या चौघी, त्यातल्या दोघी अंगणवाडीच्याच. दोनतीनदा असंच झालं, आणि आम्ही काय म्हणायचो तर लोकांना रस नाही. शेवटी एका आज्जीनंच सांगितलं, "ह्या वक्ताला कोण घरात असतंय गं, सांजच्याला डेअरीत ये की." गेले तर काय, किटल्या घेऊन निम्मं गाव रांगेत, बाप्येसुद्धा. तेव्हापासून आमची बैठक तिथंच, दहा-पंधरा मिनिटं, बॅनरबिनर काही नाही.

आणि तिथं उभं राहिल्यावर जे दिसलं ते समाजमंदिरात कधीच दिसलं नसतं. एक वहिनी, साताठ लिटर दूध घातलं, फॅट लागली, पावती घेतली, आणि पदराला धरून उभं असलेलं तीन वर्षांचं पोरगं हातातला पाच रुपयांचा बिस्किटपुडा खातंय. म्हटलं घरात किती ठेवलंसा? म्हणाली, "चहापुरतं." आता इथं मोठी चूक होते, आपण लगेच भाषण सुरू करतो की दूध विकू नका, पोराला पाजा. अहो, दुधाच्या बिलावरच घर चालतंय, पेंड त्यातनंच, शाळेची फी त्यातनंच, कोण ऐकणार तुमचं? आम्ही एवढंच ठरवलं की वर्षावरच्या पोराचा एक पेला आधी बाजूला काढायचा, मग किटली भरायची, आणि पोराला चहा बंद, कारण चहानं जेवणातलं लोह अंगाला नीट लागत नाही. काही घरांनी धरलं, काहींनी नाही. सगळी ऐकतील असं समजू नका.

दुसरी चूक म्हणजे सगळं आईलाच सांगायचं. घरात काय शिजणार ते सासूबाई ठरवतात आणि रानात काय लागणार ते मालक. आणि मालकानं काय लावलंय? ऊस. पाण्याला तोटा नाही, त्यामुळं बांधापासनं बांधापर्यंत ऊसच, जोंधळा आणि कडधान्य आता दुकानातनं येतंय. वर तणनाशक मारलं की बांधावरचा तांदुळजा, पाथरी, घोळ सगळं गेलं, आधी ह्या भाज्या फुकट मिळायच्या. ऊस काढा म्हणालात तर गावात पाय ठेवू देणार नाहीत. लागणीच्या वेळी चार सऱ्या घरच्यासाठी मागा, भुईमूग, मूग, हरभरा जे हंगामात बसंल ते, पण तेवढ्या सऱ्यांत तणनाशक नाही हे आधीच बोलून घ्या. आमच्याकडं एकानं हरभरा टोकला आणि गड्यानं सवयीनं पंप मारला, हरभरा आठवड्यात खलास.

परसबागेचं तर विचारूच नका. मार्चमध्ये पालकाच्या बियांची पाकिटं वाटली, फोटो काढले, मे मध्ये गेले तर पाकिटं फडताळात तशीच, आणि जिथं पेरलं तिथं कोंबड्यांनी साफ केलेलं. आधी विचारायचं होतं की तुम्हाला काय आवडतं. पोकळा, अंबाडा, घेवडा म्हणाल्या बायका, पालक कुणालाच नको होता. आता मिरगाच्या तोंडाला लावतो, मोरीचं पाणी जातं तिथं, भोवतीनं काट्या, आणि कोपऱ्यात एक शेवगा.

पाककृती स्पर्धेत वेळ घालवू नका. शेवग्याचं कटलेट नंबरात येतं, घरात परत कोण करत नाही. त्यापेक्षा सहा महिन्यांवरच्या बाळाला वरणाचं नुसतं पाणी पाजतात ते थांबवा. घट्ट वरण-भात कुस्करून, वर चमचाभर तेल-तूप. चमचा तिरका केला तर घास ओघळायला नको, एवढी खूण पुरे.

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांतली, म्हणजे खोपटांतली पोरं अंगणवाडीच्या यादीत नसतात हे पण लक्षात ठेवा. गाव म्हणतं ती आपली नव्हेत, आणि त्यांच्या मूळ गावात तर ती सहा-सहा महिने नसतातच. फड सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच अंगणवाडीताईंना घेऊन तिथं जा.

आता सगळं करूनही वजन हलत नसेल तर? आधी मोजमाप तपासा, दोन वर्षांखालच्या पोराची उंची झोपवून मोजायची, उभं करून नाही. मग जुलाब, जंत बघा. सहा महिन्यांवरच्या पोराच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली तर बैठका, परसबाग सगळं बाजूला ठेवा, त्याच दिवशी आरोग्य केंद्र. तिथं लाडू-बिडूचे प्रयोग करायचे नाहीत.

राहिला पैसा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी असतात हे निम्म्या बायकांना माहीतच नसतं, मग त्यातनं खुर्च्या येतात. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथंच मागणी करा, उंची मोजायचा फळा, वजनकाटा, परसबागेला पाईप, काय ते नावानिशी. 'पोषणासाठी तरतूद' असं मोघम लिहू देऊ नका. आणि ठराव आधी मोठ्यानं वाचायला लावा, मग सही.