पडद्यावर रस्ता मोकळा, चौकात कोंडी: थ्रीडी ट्रॅफिक सिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

थ्रीडी चित्रफीत सुरू झाली की बैठकीतले शंकेखोरही गप्प होतात. पुलावरून गाड्या वळतात, सिग्नल बदलतो, झाडांच्या सावल्या पडतात. पण झाडं, इमारती आणि कॅमेऱ्याच्या घिरट्या यांचा गणिताशी काडीचाही संबंध नाही. रस्त्यावरच्या वाहतुकीचं संगणकी मॉडेल बनवणारं व्हिसिम हे सॉफ्टवेअर घ्या नाहीतर फुकट मिळणारं सुमो, उत्तर ठरतं ते वाहनांच्या मागणीवर आणि चालकांच्या वागण्याचे जे आकडे भरले त्यांवर. सजावट शेवटी करा.

सगळ्यात महागात पडते ती मोजणीतली चूक. स्टॉपलाइनवर मोजलेल्या गाड्या म्हणजे सुटलेल्या गाड्या. यायला निघालेल्या सगळ्या नव्हेत. समजा तासाच्या सुरुवातीला रस्ता रिकामा होता, तासाभरात १,२०० गाड्या सुटल्या आणि शेवटी १५० रांगेत उरल्या. मग मागणी १,३५०ची झाली. मॉडेलमध्ये १,२००च भरल्या तर खरी कोंडी त्यात दिसणारच नाही आणि कुठलाही प्रस्ताव उत्तम ठरेल. रांगेच्या शेपटीमागे मोजा, नाहीतर रांगही मोजा.

हीच गफलत मॉडेलच्या कडेलाही होते. रांग सीमेपर्यंत पोचली की मागच्या गाड्यांना आत शिरायला जागाच उरत नाही. सरासरी विलंब फक्त आतल्या गाड्यांचा पाहिला, तर तो फसवा कमी येतो. बाहेर अडकलेल्यांचा आकडा वेगळा बघा. तो वाढत असेल तर मॉडेलची हद्द मागे सरकवा.

गाड्या मध्येच गायब होतायत? व्हिसिममध्ये लेन बदलण्यासाठी ६० सेकंद खोळंबलेली गाडी मूळ सेटिंगनुसार काढून टाकली जाते. सुमोमध्ये ३०० सेकंद अडकलेली गाडी उचलून पुढे टाकली जाते. पडद्यावर कोंडी आपोआप सुटल्यासारखी वाटते. एरर आणि वॉर्निंगची फाइल उघडा. बहुतेकदा लेन चुकीच्या जोडलेल्या असतात, नाहीतर वळणाच्या किती आधी गाडीने लेन बदलायला सुरुवात करायची ते अंतर फार कमी ठेवलेलं असतं. नुसती वेळमर्यादा वाढवली की दोष झाकला जातो, इतकंच.

पडताळणीसाठी जीईएच हा निकष सर्रास वापरतात. प्रत्यक्ष मोजलेल्या आणि मॉडेलने दाखवलेल्या गाड्यांमध्ये किती तफावत आहे ते तो एका आकड्यात सांगतो: तासाच्या आकड्यांवर ८५ टक्के ठिकाणी तो ५च्या आत हवा. १,००० गाड्यांच्या जागी मॉडेलने ८५० दाखवल्या तर जीईएच ४.९, म्हणजे पास. पण १००च्या जागी ६० दाखवल्या तरी ४.५, तेही पास! छोट्या वळणरस्त्यांवर ही सवलत घातक ठरते. शिवाय प्रवासवेळ आणि रांगेची लांबी जुळली नाही, तर नुसत्या जीईएचवर विसंबू नका. एकाच रँडम सीडचा (गाड्या कधी येतील वगैरे योगायोग ठरवणाऱ्या सुरुवातीच्या आकड्याचा) निकालही अहवालात घालू नका. बऱ्याच सीड चालवून सरासरी आणि चढउतार दोन्ही द्या. रस्ते भरेपर्यंतची सुरुवातीची मिनिटं मोजमापातून वगळा.

थ्रीडीचा खरा उपयोग चुका पकडायला होतो. चौकात कॅमेरा खाली आणा. दोन गाड्या एकमेकींच्या आरपार जात असतील तर तिथे अग्रक्रमाचा नियम लावायचा राहिलाय. पूल चढणारा ट्रक वेग जराही कमी करत नसेल तर चढाची टक्केवारी तपासा: चित्रातली उंची आणि गणितातला चढ या दोन वेगळ्या नोंदी असू शकतात.