सकाळच्या कॉफीसोबत इंटरनेटवर भटकंती कशी करावी

चिखलदऱ्याला कॉफी पिकत असली, तरी विदर्भातल्या खेड्यांत सकाळ बहुधा चहानेच उजाडते. ज्याला कॉफी हवी, त्याने ती स्वतः करून, जिथे रेंज मिळते त्या ओट्यावर बसावे. भटकताना एकच विषय धरावा. उदाहरणार्थ, जून २०२० मध्ये गुलाबी झालेल्या लोणार सरोवराचे छायाचित्र समोर आले, तर ते पुढे पाठवण्यापूर्वी मराठी विश्वकोशातील नोंद वाचावी, इस्रोच्या ‘भुवन’ नकाशावर उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहावे आणि रंग बदलण्याचे संशोधकांनी दिलेले कारण, म्हणजे खारटपणा वाढल्याने फोफावलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव, शोधून काढावे. (मला स्वतःला छायाचित्रापेक्षा हे कारणच अधिक रंजक वाटते.) आवडलेले पान लगेच मोबाईलमध्ये उतरवून ठेवावे, कारण वीज गेली की पुष्कळदा रेंजही जाते. जुना दुवा उघडत नसल्यास त्याचा पत्ता ‘वेबॅक मशीन’मध्ये टाकावा, तेथे १९९६ पासूनची असंख्य पाने साठवलेली आहेत. कप रिकामा झाला, की वहीत तारीख आणि दुवा टिपून उठावे.